चेअरमनचा वंशज

शनिवार, १२ जानेवारी

आजचा हिवाळी बॉल, म्हणजे आमच्या सभेचा १८१५ सालच्या वेशातला नाच, उत्तम झाला. तिघांना दारातूनच परत पाठवावं लागलं. एकाच्या मनगटावर घड्याळ होतं. एकीच्या बुटांना रबरी तळ होते. तिसऱ्याने सन १८१५ च्या वेस्टकोटावर चक्क १८४० ची कॉलर चढवली होती, आणि वर हुज्जत घालत होता. म्हणाला, "कोण बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतोय."

लॅन्सडाउन नृत्यसभेत वेशनिरीक्षकाचं पद मीच सांभाळतो, आणि दुसऱ्या कोणी ते मागितलेलंही नाही. सबंध नोकरी वजन-मापे खात्यात गेली. खोटा तराजू मला दुकानात शिरतानाच जाणवायचा. इथे पाठीवरची झिप जाणवते. ग्लेनिसच्या गाउनला झिप आहे याची मला खात्री आहे, पण तिने वरून शाल घेतली होती आणि मी सभ्य माणूस आहे. मी फक्त तीनदा विचारलं.

ग्लेनिस ही हम्फ्री टडबॉलची बायको. हम्फ्री माझा सर्वांत जुना मित्र. बस डेपोत टाइमकीपर होता, बॉलमध्ये अ‍ॅडमिरल असतो. मी स्वतः कर्नल सर लायोनेल म्हणून वावरतो. ग्लेनिस नाचाच्या हाळ्या देते, म्हणजे कोणी कुठे वळायचं आणि कोणाचा हात धरायचा ते ओरडून सांगते. मूळची वेल्सच्या कोळसाखाणींकडची असल्यामुळे तिचा आवाज खाणीतून आल्यासारखा आहे. आम्ही चौघं नेहमी हम्फ्रीच्या गाडीतून जातो. परत येताना गाडीत मी प्रत्येकाच्या वेशातल्या चुका सांगतो. आज तिघेही अगदी शांतपणे ऐकत होते. डोरीनचे तर डोळे मिटले होते.

डोरीन माझी पत्नी. आमच्याकडे पुरुष कमी, त्यामुळे तिला कधी हम्फ्रीबरोबर, कधी एखाद्या बाईबरोबर नाचावं लागतं. मला दार सोडता येत नाही. पूर्वी ती म्हणायची, "लेनर्ड, एक तरी नाच." आता म्हणत नाही. पदाची जबाबदारी तिला कळली आहे.

एक नवीन सभासद आल्या. डॉ. फोलाशादे अकिनरिनादे, दंतवैद्य. घराणं नायजेरियातल्या इजेबूचं, जन्म ब्रिस्टलचा. वेशात खोट काढायला जागा नव्हती. झालरसुद्धा हाताने शिवलेली. मी अत्यंत नाजूकपणे विचारलं, "आपण आज नक्की कोण म्हणून आला आहात? म्हणजे, त्या काळाच्या दृष्टीने?"

"नाचायला आलेय," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

"मी दारावर असतो."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

"अरेरे," त्या म्हणाल्या. पदाचा त्यांच्यावर परिणाम झालेला दिसला.

गुरुवार, १७ जानेवारी

डोरीन मधमाशीपालनाच्या वर्गाला गेली. टेकडीपलीकडच्या गावात दर गुरुवारी असतो. हिवाळ्यात मधमाश्या पोळ्यातून बाहेर पडत नाहीत असं मी वाचलं होतं. तसं म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणून तर अभ्यासाला वेळ मिळतो." पटलं. घरी आली तेव्हा गाल लाल होते आणि शीळ घालत होती. बायकोला छंद हवाच.

रविवार, २० जानेवारी

नृत्यसभेची वार्षिक बैठक. वसंत बॉलच्या विषयावर चर्चा. मी "वॉटर्लूची पूर्वसंध्या" सुचवलं, जसं दर वर्षी सुचवतो. तेवढ्यात डोरीन उठून उभी राहिली. ती बैठकीत कधी बोलत नाही.

"मला वाटतं," ती म्हणाली, "या वेळी ज्याने त्याने स्वतःच्या खऱ्या पूर्वजाच्या वेशात यावं. त्या काळी आपल्या घरातलं जे कोणी होतं, ते."

सगळीकडे चुळबुळ झाली. आमच्या सभेत सध्या सहा सरदार, चौदा सरदारणी, दोन अ‍ॅडमिरल आणि एक बिशप आहे. बिशप उठून म्हणाला, "असल्या गोष्टी सापडणं कठीण असतं हो." ग्लेनिस म्हणाली, "कठीण काय त्यात? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा." डॉ. अकिनरिनादेंनी टाळी वाजवली. मतदान झालं आणि ठराव मंजूर झाला.

आधी मला राग आला. वाटेत मात्र शांतपणे विचार केला. आमच्या विदरिज घराण्याला या गोष्टीची भीती का वाटावी? माझे वडील नेहमी सांगत, "आपली माणसं बाथ शहरातल्या प्रत्येक बॉलला असायची, एकही चुकवायची नाहीत." त्यांना याहून जास्त माहीत नव्हतं. पण एडना आत्याला माहीत असणार.

"एडना आत्याला भेटून येतो," मी डोरीनला म्हटलं.

"हो, जा ना," ती म्हणाली. "अवश्य जा." माझ्या उत्साहाने तिला बरं वाटलं असावं.

रविवार, ३ फेब्रुवारी

भाग्याचा दिवस! एडना आत्या वृद्धाश्रमात असते. वय नव्वदीच्या पुढे, पण स्मरण लख्ख आणि जीभ त्याहून लख्ख. मी केक नेला होता. ती म्हणाली, "कोरडा आहे." आणि तीन तुकडे खाल्ले.

मी विषय काढला. आत्या खुलली.

"सॅम्युएल विदरिज! माझी आजी त्याच्या गोष्टी सांगायची. तिला तिच्या आजीने सांगितलेल्या. अरे, चेअरमन होता तो!"

माझ्या अंगावर काटा आला. "नृत्यगृहाचा चेअरमन?"

"तर काय! सगळे त्याला ओळखायचे. बॉल म्हटला की सॅम्युएल हजर. बड्या घरच्या बायका त्याच्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. आणि खांदे काय होते म्हणे! बैलासारखे. केवढा भार पडायचा त्यांच्यावर!"

"जबाबदारीचा भार," मी म्हटलं.

"भार तो भार. काही बायका फार जड होत्या." आत्याने बोटं चाटली. "एकटा नव्हता रे. जोडीदार पुढे, हा मागे. जोडीदार दारू प्यायचा, म्हणून सगळं याच्यावर यायचं. एकदा तर एका बिशपच्या विधवेला दोघांनी मिळून पाडलं. भर चिखलात!"

राजकारण! जुन्या संस्थांत हे चालायचंच. बिशपच्या गटाला धूळ चारणं सोपं काम नव्हे. उपाध्यक्ष मद्यपी असतानाही सॅम्युएलने कारभार रेटला, हे विशेष.

"शेवटी काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"गुडघे गेले," आत्या म्हणाली. "सगळ्यांचेच जातात."

बरोबर आहे. सतत उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं म्हणजे गुडघे जाणारच. माझेही दुखतात. रक्तच ते!

रविवार, १० फेब्रुवारी

आज हम्फ्रीकडे जेवण होतं. डुकराच्या मांसाचं रोस्ट. डॉ. अकिनरिनादेंनाही बोलावलं होतं. ग्लेनिसशी त्यांची फारच लवकर गट्टी जमली आहे, कशी ते कळत नाही, बॉल तर एकच झाला.

हम्फ्रीचा चेहरा पडलेला होता. त्याच्या पूर्वजाचं कळलं आहे. तो खलाशी होता खरा, पण पहिल्याच सफरीत इतका ओकला की त्याला पोर्ट्समथ बंदरातच उतरवून दिलं. मग जन्मभर त्याने जमिनीवर कोंबड्या पाळल्या.

"इतकी वर्षं अ‍ॅडमिरल म्हणून मिरवलो रे," हम्फ्री म्हणाला, "आणि घरात हे!"

"आता कोंबडी घेऊन ये काखेत," ग्लेनिस म्हणाली. "मी तर कपडे धुणारी आहे. मला विचारशील तर सुटले बाई एकदाची त्या दाबून बसवलेल्या कमरेतून."

मी नम्रपणे सॅम्युएलबद्दल सांगितलं. चेअरमन. खांदे. विधवेचा पराभव. सगळं सांगितलं. हम्फ्रीला ठसका लागला. ग्लेनिस उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडी पडल्यासारखे आवाज आले. थोरपण जवळून बघणं सगळ्यांना झेपत नाही.

डॉ. अकिनरिनादे म्हणाल्या, "चेअरमन? मिस्टर विदरिज, मी परवाच संग्रहालयात ती खुर्ची बघितली. बंद पेटीसारखी, दोन बाजूंना लांब दांडे. मेणाच म्हणा ना. दोन माणसं ती उचलायची, आणि त्या माणसांना त्या काळी म्हणायचे—आई गं!"

डोरीनच्या पायात गोळा आला होता आणि तिचा बूट टेबलाखाली त्यांच्या पायावर आदळला. तिने माफी मागितली. मग विषय बदलला.

मी डॉक्टरांना विचारलं की त्यांच्या घरात कोणी राजा वगैरे होऊन गेला का. म्हणजे माझ्यामागोमाग त्यांचं नाव पुकारता येईल, एक जरा भारदस्त जोडी दिसेल.

"राजा नाही हो," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीची खापरपणजी मीठ विकायची. बाजारात तिच्याशी घासाघीस करायची कोणाची छाती नव्हती."

विनय आहे त्यांच्यात. मी "राजघराण्याशी संबंधित" म्हणून पुकारीन.

डोरीन मात्र स्वतःच्या पूर्वजाबद्दल काही सांगायला तयार नाही. "बॉलला कळेल," म्हणते.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

गळ्यात घालायची पदसाखळी आली. रुंद, पिवळीधमक, मध्ये गरुड. डोरीन म्हणाली, "त्या काळच्या चेअरमनला अशी साखळी असायची याची खात्री आहे तुझी?" माझ्याकडून शिकली आहे! मी म्हटलं, या पदाचा मान बघता असणारच. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "लेनर्ड, तू आत्याला परत एकदा विचार ना. नीट. आणि ती बोलत असताना ऐक."

मी म्हटलं, सगळं ऐकलं आहे. ती कोट चढवून वर्गाला गेली.

तिने हल्ली शिवणकाम काढलं आहे. जाडाभरडा निळा कोट. माझ्या मापाचा दिसतो, पण मला निळा रंग आवडत नाही हे तिला माहीत आहे, तेव्हा हम्फ्रीचा असावा.

गुरुवार, ७ मार्च

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

डोरीन तिची मधमाश्यांची जाळीदार टोपी विसरून गेली. खरं तर ती दर वेळी विसरते, हे मला आज लक्षात आलं. टोपीवर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच आहे. दंश झाला तर, म्हणून मी बसने टेकडीपलीकडे गेलो. गावच्या सभागृहात दिवे होते. पत्र्याचं छप्पर, बाहेर सायकली. आतून अकॉर्डियनचा आवाज येत होता.

खिडकीतून बघितलं. ग्लेनिस खुर्चीवर उभी राहून हाळ्या देत होती, पायात नुसते मोजे. हम्फ्री स्वेटरमध्ये. डॉक्टरबाई जीन्समध्ये. आमच्या सभेतला बिशपही होता, पायजमा म्हणावा अशा कशात तरी. सगळे नाचत होते. तेच नाच, आपलेच. आणि डोरीन रांगेतून खाली येत होती, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात, केस सुटलेले. मध्येच कोणीतरी चुकीच्या बाजूला वळलं, दोघं धडकली, आणि ती पोट धरून हसली. वाकून, गुडघ्यांवर हात टेकून. तिला असं हसताना मी पाहिलेलं नाही. म्हणजे पाहिलं असेन, पण केव्हा ते आठवेना.

आत गेलो नाही. बुटांना चिखल होता.

टोपी दाराच्या मुठीला अडकवून येणार होतो, पण मग ती घेऊनच परत आलो.

शुक्रवार, ८ मार्च

काल उगाच मन खट्टू झालं. सकाळी चहा घेताना उलगडा झाला. ही तयारी आहे! वसंत बॉलला चेअरमनच्या वंशजाच्या सन्मानार्थ काहीतरी खास नाच बसवत आहेत, म्हणून माझ्यापासून चोरून. हम्फ्रीचा ठसका, डोरीनच्या पायातला गोळा, सगळं जुळतं. ती बिचारी मधमाश्यांचं खोटं बोलत राहिली, माझा आनंद मोडू नये म्हणून.

मी काही माहीत असल्याचं दाखवणार नाही. आभाराचं भाषण मात्र तयार करायला घेतलं आहे. टोपी तिच्या जागी ठेवून दिली.

रविवार, ३१ मार्च

पाठीवर पडून लिहीत आहे. कालचा वसंत बॉल.

मी जिन्याच्या वरच्या टोकाला उभा होतो, काळ्या मखमली कोटात, गळ्यात साखळी. एकेक जण वर येत होता. माझं काम संपल्यासारखंच होतं. धोबिणीच्या वेशात काय चूक काढणार? सरदार गेले होते आणि त्यांच्या जागी गवंडी, गुराखी, दाया, एक कबर खोदणारा, असे येत होते. बिशपचा पूर्वज उंदीर मारणारा निघाला. त्याने कमरेला कापडी उंदीर बांधले होते आणि तो प्रत्येकाला ते मोठ्या हौसेने दाखवत होता. हम्फ्री खरंच काखेत कोंबडी घेऊन आला. जिवंत नव्हे, पेंढ्याची. डॉक्टरबाई गडद निळ्या कापडात, डोक्यावर टोपली. मी पुकारलं, "इजेबूच्या राजघराण्याशी संबंधित—" आणि त्या जिन्यावरूनच ओरडल्या, "मीठवाली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लिफ्ट बंद होती. हे मला माहीत होतं, पण त्याचा आमच्याशी काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. तोच खालून हाक आली.

"लेनर्ड! गळ्यात ते काय अडकवलंयस?"

एडना आत्या, चाकाच्या खुर्चीत, डोक्यावर झालरीची टोपी. मागे डोरीन. आत्याला वृद्धाश्रमातून बॉलला आणायचं हे त्या दोघींनी परस्पर ठरवलं होतं. मला वाटलं, माझ्या सन्मानाचाच हा भाग.

"आत्या, ही चेअरमनची साखळी," मी वरून सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"साखळी? अरे, चेअरमनला पट्टा असायचा पट्टा! खांद्यावरून, दांड्याला अडकवायचा."

"कसला दांडा?"

"चेअरचा रे! मेण्याचा! बायका आत बसायच्या, सॅम्युएल आणि त्याचा तो दारुडा जोडीदार उचलायचे. दारापर्यंत आणून सोडायचे, नि बॉल संपेपर्यंत बाहेर पावसात उभे. तुला काय वाटलं, खुर्चीत बसून सह्या करायचा?"

सगळं सभागृह जिन्याच्या कठड्याशी आलं होतं. कोणी हसलं नाही. म्हणजे, कोणी हसायचं नाही असा सगळ्यांनी एकदम प्रयत्न केला, आणि तो आवाज हसण्यापेक्षा वाईट असतो. मग हम्फ्री फुटला. त्याच्यामागून सगळे.

मी साखळीतल्या गरुडाकडे बघत उभा राहिलो. बैलासारखे खांदे. जड बायका. बिशपची विधवा, चिखलात. सगळं तिने सांगितलं होतं. एक शब्द लपवला नव्हता.

"झालं ना हसून?" आत्या म्हणाली. "आता उचल मला. लिफ्ट बंद आहे आणि मला नाच बघायचाय."

मी खाली उतरलो, मागून हम्फ्रीही. डोरीनने पिशवीतून निळा कोट काढला. जाडाभरडा, लांब, माझ्या मापाचा. माझ्यापुढे धरला. मखमल काढताना साखळी बटणात अडकली. ती हम्फ्रीने सोडवली. त्याचे डोळे हसून ओले झाले होते. "चल गड्या," तो म्हणाला, "मी पुढे, तू मागे. मी प्यायलेलो नाही, शपथ."

उचलली. मागच्या माणसावर सगळा भार येतो, हे सॅम्युएलला रोज कळत असणार. आत्या दिसते चिमणीएवढी, पण खुर्ची लोखंडी. वळणावर हम्फ्री म्हणाला, "जरा वर घे," मी वर घेतलं, आणि पाठीत काहीतरी कट्कन वाजलं. पण सोडलं नाही. वर नेऊन, सभागृहाच्या मधोमध, खाली ठेवली. आत्याने टोपी नीट केली.

"पाडलं नाहीस," ती म्हणाली. "सॅम्युएलपेक्षा बरा."

मला सरळ होता येईना. बाहेरच्या लांब बाकावर झोपवलं, आणि बॉल सुरू झाला. दार उघडं होतं. पडल्या पडल्या मला नुसते पाय दिसत होते. त्यांत काय काय होतं ते लिहीत नाही. रबर होतं. एक जोडी तर धावायच्या बुटांची होती, आणि ती बिशपची.

डॉक्टरबाईंनी येऊन पाठ तपासली. "मी दातांची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही मरणार नाही एवढं सांगू शकते." मग डोरीन आली आणि बाकाच्या कडेवर बसली. तिच्या अंगावर साधा छापील सुती झगा होता, ना झालर ना काही.

"तू कोण आहेस?" मी विचारलं.

"माहीत नाही. माझी ती बाई अनाथालयाच्या पायरीवर सापडली होती. तिच्या मागचं काही कोणाला माहीत नाही." ती हसली. "म्हणून मला कोणीही होता येतं."

"तुला सॅम्युएलचं ठाऊक होतं?"

"आपल्या लग्नाच्या जेवणात आत्याने सगळ्यांना सांगितलं होतं. तू तेव्हा भाषण करत होतास."

"मग मला बोलली का नाहीस?"

"किती वेळा बोलायला गेले! तू मला वेस्टकोटांबद्दल सांगत होतास. म्हटलं, आत्याकडून ऐकशील. तिच्याकडून ऐकूनही तू..." तिने हात हवेत सोडून दिला. "मग वाटलं, आता सगळ्यांदेखतच कळू दे. हे वाईट वागले मी. पण थोडंच."

मी म्हटलं, "गुरुवारचा तुमचा सराव मी पाहिला. खिडकीतून. मी आभाराचं भाषणही लिहिलंय. माझ्यासाठी एवढं—"

आत ग्लेनिस ओरडत होती, "डावीकडे! अहो, दुसऱ्या डावीकडे!"

"लेनर्ड," डोरीन म्हणाली, "ते तुझ्यासाठी नव्हतं रे. तुझ्यापासून लांब राहायला होतं."

मग तिच्या नावाने कोणीतरी हाक मारली आणि ती नाचायला गेली.

सोमवार, १ एप्रिल

वेशनिरीक्षक पदाचा राजीनामा फोनवरून दिला. सचिव म्हणाले, "बरं." मी थोडा वेळ थांबलो. ते म्हणाले, "अजून काही?"

गुरुवार, ४ एप्रिल

डोरीन कोट चढवत होती. "मधमाश्या?" मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. "नाच." गेली.

घर फार शांत असतं. पाठीला शेक घेतला. सूप केलं, खारट झालं.

शुक्रवार, १९ एप्रिल

हम्फ्री पाठीची विचारपूस करायला आला. मी त्याला सरळच विचारलं, की तुम्ही सगळे मला चुकवत होता, तर बॉलच्या गाडीतून तरी का नेत होता. तो कानामागे खाजवत म्हणाला, "मित्र आहेस ना. आणि गाडीत बाहेर बघता येतं." मग म्हणाला, "तू माझ्या अ‍ॅडमिरलच्या टोपीच्या कडेबद्दल एका रात्री बाथपासून घरापर्यंत बोललास, लेनर्ड. ती टोपी माझ्या मुलीने बनवली होती."

टोपी मला चांगली आठवते. कड चुकीचीच होती. मुलीचं मला ठाऊक नव्हतं. सांगितलंही असेल त्याने.

शनिवार, ४ मे

मे महिन्याचा बॉल. मी गेलो नाही. दारावर आता कोणी नसतं म्हणे. लोक सरळ आत जातात. डोरीन म्हणाली, "गर्दी फार होती या वेळी." मी त्यातून काही अर्थ काढला नाही. म्हणजे काढला, पण तिला सांगितला नाही.

रविवार, १२ मे

न्याहारीच्या वेळी विचारलं, "गुरुवारी मी आलो तर?"

तिने टोस्टला लोणी लावणं थांबवलं नाही. "मला नको विचारूस. ग्लेनिसला विचार. हाळ्या ती देते."

फोन केला. ग्लेनिस म्हणाली, "कपड्यांबद्दल एक शब्द नाही."

"नाही."

"बुटांबद्दल?"

"नाही."

"मनातल्या मनात सुद्धा नाही, मला चेहऱ्यावरून कळतं."

हे कठीण आहे असं मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, "ये मग. प्रामाणिक माणूस चालेल."

गुरुवार, १६ मे

गेलो. साधी पँट, स्वेटर. बिशपने हात केला. हम्फ्री म्हणाला, "पाठ सांभाळ." कोणी विशेष काही केलं नाही, तेही आधी ठरवलेलं असावं.

ग्लेनिसने मला डॉक्टरबाईंसमोर उभं केलं. मला वाटलं होतं, इतकी वर्षं हे नाच बघितले आहेत, तर येत असतीलच. येत नाहीत. बघताना सगळे पाय आपापल्या जागी पडतात. आपले पडत नाहीत. पहिल्याच फेऱ्यात मी उलटा गेलो आणि हम्फ्रीच्या पोटावर आदळलो. दुसऱ्यात डॉक्टरबाईंनी मला कोपराला धरून वळवलं, जशा त्या पेशंटचं डोकं वळवत असतील. "तोंड मिटा," त्या म्हणाल्या, "श्वास नाकाने घ्या." ग्लेनिस ओरडली, "लेनर्ड, खाली! खाली म्हणजे दाराकडे! अरे, ते दार नव्हे, कपाट आहे ते!" लोक हसले. मी पण हसलो, पण उशिरा. तोवर सगळे पुढे गेले होते.

मग काय झालं मला नीट सांगता येणार नाही. एक जोडी वर गेली, एक खाली आली, मी कोणाचा तरी हात धरायला हवा होता तो धरला नाही, नको होता तो धरला, आणि रांग थांबली तेव्हा मी पार दुसऱ्या टोकाला, चुकीच्या बाजूला उभा होतो. समोर डोरीन होती. केस सुटलेले, कपाळावर घाम.

"तू इथे कसा?" ती म्हणाली.

"चुकून. जातो. माझी जागा वर आहे."

अकॉर्डियनवाल्याने पुढची ओळ धरली होती. तिने रांगेच्या वरच्या टोकाला बघितलं, डॉक्टरबाईंकडे; त्यांनी तोवर बिशपला पकडलं होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं, नखशिखान्त, मी दारात लोकांकडे बघायचो तसं.

"आता आलायस तर राहा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "उजवा, लेनर्ड. उजवा."